सतराचा पाढा

६ नोव्हेंबर, गुरुवार

दिवाळीत संचिताने ही डायरी दिली. "बाबा, रिकामे बसण्यापेक्षा आठवणी लिहा," म्हणाली. मी गोदीत छत्तीस वर्षं टाइमकीपर होतो. माझ्या आठवणी म्हणजे कोण किती वाजता आलं आणि कोण किती वाजता गेलं. त्या कोण वाचणार? पण आजपासून डायरीला काम मिळालं आहे, आणि ते काम मला मुळीच आवडलेलं नाही.

आपले डॉक्टर म्हणाले, "काका, काकूंना काय विसरायला होतं, कधी होतं, ते महिनाभर तारीखवार लिहून ठेवा. मग मेंदूच्या डॉक्टरांना दाखवू." १२ डिसेंबरची वेळ मिळाली आहे. हंसाला यातलं काही सांगितलेलं नाही. मी माझ्या बीपीसाठी गेलो होतो असं तिला वाटतं.

गेल्या रविवारी ती न्हाऊन बाहेर आली, ओल्या केसांनी पलंगावर बसली आणि म्हणाली, "अहो, आज संचिताची शाळा नाही का?" संचिता चौतीस वर्षांची आहे आणि पुण्यात नोकरी करते. दोन मिनिटांनी हंसा स्वतःच हसली. मला नाही हसू आलं. तिच्या आईचं असंच सुरू झालं होतं. शेवटी ती माउली हंसालाच विचारायची, "बाई, तुम्ही कोणाकडच्या?"

मला फार भीती वाटते. हे बोलणार कोणाजवळ, म्हणून इथे लिहितो.

९ नोव्हेंबर, रविवार

आधी एक गोष्ट लिहायला हवी, नाहीतर डॉक्टरांना कळायचं नाही. हंसा एकतीस वर्षं पालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. ती आंघोळ करताना गाणी म्हणत नाही, पाढे म्हणते. दोनपासून तीसपर्यंत. एरवी ती पंधरा-सोळापर्यंत पोचते तोवर आंघोळ संपते. रविवारी केस धुवायचे असतात, तेव्हा गाडी तीसपर्यंत जाते. लग्नानंतर आमच्या लालबागच्या चाळीत सगळा मजला तिचे पाढे ऐकायचा. आता शांती नगरात ऐकायला मी एकटा.

म्हणून मी यालाच परीक्षा ठरवलं. बाथरूमबाहेर स्टूल टाकून पेपर वाचल्यासारखं केलं आणि पेपराआड कॅल्क्युलेटर धरला. (बारापुढचे पाढे मला येत नाहीत. हे हंसाला कधी कळू दिलेलं नाही.)

७.१० ला आत गेली. बारापर्यंत बिनचूक. चौदाला आवाज जड झाला. सतराला "सतरा साते एकशे एकोणतीस" म्हणाली. एकोणिसाचा पाढा दोनदा म्हणाली आणि विसाचा गाळला. ७.४४ ला बाहेर. डोकं धरून बसली, मळमळतंय म्हणाली. चहात साखरेऐवजी मीठ.

सुरुवात छान होते आणि पुढे पुढे माणूस थकत जातं. मेंदूचं दुखणं असंच असणार.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज सांगण्यासारखं काही नाही, तर माझंच थोडं कौतुक लिहितो.

बाथरूमच्या काचपट्ट्यांच्या खिडकीत कबुतरांनी उच्छाद मांडला होता. काड्या, पिसं, घाण. दिवाळीच्या साफसफाईत मी ती खिडकी ॲक्रिलिकच्या शीटने बंद केली, कडेने एमसील भरलं. मुंगी शिरेल एवढी फट ठेवली नाही. हंसा म्हणाली, "वाफ कोंडते हो." म्हटलं, "थंडीचे दिवस आहेत, कोंडू दे. उबदार राहील." मला स्वतःला त्याचं काही नाही. गेली तीस वर्षं मी बारा महिने थंड पाण्याने आंघोळ करतो, आणि तीही पाच मिनिटांत.

आज गॅस गिझरची सर्व्हिसिंगसुद्धा घरच्या घरी उरकली. वरून ओल्या फडक्याने पुसला, मग पेपरने चकाचक केला. वरच्या टाइल्सवर काळं धरलं होतं, तेही घासून काढलं. हंसा बाथरूममध्ये धूप फिरवते, त्याचंच असणार. तिला सांगितलं तर म्हणाली, "मी कधी फिरवते?" हेही विसरली. टिपून ठेवलं.

मग म्हणाली, "गिझरची ज्योत बघितलीत? पूर्वी निळी असायची, आता बघा, समईसारखी पिवळी झालीये." मी वाकून काचेतून पाहिलं. खरंच, देवापुढच्या समईसारखी सोनेरी, हलणारी. छान दिसते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

परवापासून गिझर पेटत नाही. त्याचे दोन जाडे सेल संपले. कोपऱ्यावरच्या दुकानात विचारलं तर तो म्हणाला, "चाचा, बड़ा वाला सेल खतम है, दो-तीन दिन में आएगा." हंसा पातेल्यात पाणी तापवून घेते आहे. त्यात मला एकदा आयते पाढे ऐकायला मिळाले, कारण परवा रविवार होता आणि तिने केस धुतले.

तीसपर्यंत बिनचूक! एकोणतीस नवे दोनशे एकसष्ट, एका दमात. बाहेर येऊन मलाच बोलली, "टॉवेल वाळत घालायला सांगितला होता कालच." डोकेदुखी नाही, मळमळ नाही. काल आणि आजही उत्तम.

मी गेल्या आठवड्यापासून तिला रोज सहा भिजवलेले बदाम देतोय. संचिताला फोन करून सांगितलं, बदाम लागू पडतायत.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सेल मिळाले. टकटक आवाज झाला आणि गिझर पेटला. हंसा खूश. "तुम्ही नसतात तर मी पातेलीच उचलत बसले असते," म्हणाली. एवढ्याशा कौतुकानेही माझी छाती फुगते, हे मी कबूल करतो.

२३ नोव्हेंबर, रविवार

बदामांनी दगा दिला. अठरानंतर पाढे नाहीतच, नुसतं पुटपुटणं. बाहेर आल्यावर भिंतीला धरून उभी राहिली. उद्यापासून दहा बदाम.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. पूजा मांडायची म्हणून हंसा साडेसहालाच डोक्यावरून आंघोळ करून आली. पाट मांडला, तांदूळ पसरले आणि तशीच उभी राहिली. मला म्हणाली, "अहो, ते द्या ना. ते... पाणी घालून ठेवतो ते. नारळ ठेवतात वर." कलश हा शब्द तिला आठवेना. चाळीस वर्षं ही पूजा करणाऱ्या बाईला.

मी कलश दिला. मग समोरच्या रसिकाबेन हळदीकुंकवाला आल्या. पंधरा वर्षांची शेजारीण. हंसा हसून बघत राहिली, बोलेना. रसिकाबेन म्हणाल्या, "क्या हंसाबेन, आज मला ओळखत नाय काय?" हंसाने कसंबसं सावरून घेतलं.

त्या गेल्यावर स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "खरं सांगा. मला आईसारखं होतंय का हो?"

मी म्हटलं, "वेडी आहेस का? झोप नीट झाली नसेल." आणि खोबरं खवायला घेतलं. वर बघायची हिंमत झाली नाही. ती ओट्याला टेकली. मग म्हणाली, "मला झालं तर मला संचिताकडे पाठवू नका. मी त्या पोरीला 'बाई' म्हणून हाक मारायची, ते मला नको." आईचं तिने एवढं मनात ठेवलं असेल असं मला वाटलं नव्हतं. खोबरं खवताना बोट कापलं. बरं झालं, डोळ्यांत पाणी यायला कारण मिळालं.

५ डिसेंबर, शुक्रवार

कालचं आज लिहितो. काल लिहिता आलं नसतं.

दुसरा गुरुवार. ६.३५ ला ती आत गेली. मी स्टुलावर, कॅल्क्युलेटर हातात. अकरापासूनच जीभ जड. पंधरा, सोळा कसेबसे. मग "सतरा एके सतरा... सतरा दुणे..." आणि गप्प.

मी घड्याळ बघितलं. ६.५२. मनात म्हटलं, आठवेल तिला, घाई करू नये. ६.५३. मीच आतल्या आत "चौतीस, हंसा, चौतीस" म्हणत होतो, कॅल्क्युलेटरवर तो आकडा तसाच होता. ६.५५ ला तांब्या पडल्याचा आवाज आला. मी तीन मिनिटं बाहेर बसून तिला गुण देत होतो.

हाक मारली, उत्तर नाही. खांद्याने दार ढकललं. प्लॅस्टिकचं दार, कडी तुटली. ती भिंतीशी घसरून बसली होती, डोळे अर्धे मिटलेले, वरून गरम पाणी चालूच. मी टॉवेल गुंडाळला, ओढत हॉलमध्ये आणली, ओरडलो. रसिकाबेन धावत आल्या, त्यांनी गॅलरीचं दार सताड उघडलं. "इधर, इधर हवा में लाओ दशरथभाई!" पाच-सात मिनिटांनी हंसाने डोळे उघडले.

हॉस्पिटलात ऑक्सिजन लावला. संध्याकाळपर्यंत इतकी टवटवीत झाली, की सिस्टरला रागावली, "सुई टोचताना बोलायचं असतं पेशंटशी." रात्रभर ठेवून आज सोडलं. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "घरी गॅस गिझर आहे? बाथरूमच्या आत? तो बंद ठेवा, आधी तपासून घ्या. त्याशिवाय वापरायचा नाही." मी म्हटलं, मी स्वतः सर्व्हिसिंग केलंय. तो म्हणाला, "तरी माणूस बोलवा." दुखणं बायकोच्या डोक्याचं आणि हा गिझरचं विचारतो. पण रसिकाबेनने तिथल्या तिथे त्यांच्या गिझरवाल्याला फोन लावला. उद्या येतो म्हणाला.

६ डिसेंबर, शनिवार

पंढरीनाथ पाटील. भाईंदरच्या राई गावचा, साठीला टेकलेला, कानात बाळी. पिशवी खाली ठेवली आणि गिझरला हातही न लावता खिडकीकडे बघत राहिला.

"ही खिरकी कोनी बुजवली?"

"मी," म्हटलं. अभिमानाने म्हटलं, हे लिहायला आता लाज वाटते. "कबुतरांसाठी."

त्याने दार उघडं ठेवून गिझर पेटवला. आमची समई लागली. पिशवीतून स्टीलचा चमचा काढून त्याने ज्योतीवर धरला. चमचा काळा ठिक्कर.

"ही ज्योत पिवली हाय, काका. देवाची पिवली पायजे, गिझरची निली पायजे. पिवली म्हंजे गॅस अर्धा जलतो."

"पण गॅसचा वास कधीच आला नाही," मी म्हटलं.

"वास येतो तवा मानूस पलून तरी जातो. याला वास न्हाय, रंग न्हाय. आमी मुका गॅस म्हनतो. हलूहलू डोक्यात चढतो. मानूस चुकीचं बोलायला लागतो, मंग झोपतो."

त्याने कॉक बंद केला, गिझर थंड होऊ दिला आणि पुढचं झाकण उतरवलं. जे झाकण मी चकाचक केलं होतं तेच. आत जळमटं, धूळ आणि कबुतरांच्या पिसांचा चिकटलेला कापूस. बर्नरच्या निम्म्या भोकांत हवा जायला वाटच नव्हती. वर तांब्याच्या पट्ट्यांमध्ये काजळी इतकी, की पट्ट्या दिसेनात. तो पितळी ब्रशने एकेक भोक मोकळं करत होता, फुंकत होता, वर्तमानपत्रावर काळा ढीग वाढत होता. मी बाहेरून पुसला आणि मरण आत होतं.

मग त्याने सहज विचारलं, "वैनींना तरास कंदी कंदी व्हायचा?"

मी ही डायरी आणली. का आणली कोण जाणे. कोणीतरी विचारल्यावर रजिस्टर उघडायची छत्तीस वर्षांची सवय. मी वाचत गेलो. रविवार, डोकं धुतलं, सतरापासून चुकली. गुरुवार, डोक्यावरून आंघोळ, कलश आठवेना. त्याने काजळीचं बोट अठरा नोव्हेंबरच्या पानावर ठेवलं. "हितं काय ल्हिवलंय?"

"तीसपर्यंत बिनचूक," मी म्हटलं. "तेव्हा..." आणि थांबलो.

"तवा गिझर बंद व्हता ना?"

ते बोट अजून त्या पानावर उमटलेलं आहे. पुसणार नाही.

मागे हंसा उभी होती. किती वेळ उभी होती ठाऊक नाही. तिने माझ्या हातातून डायरी घेतली, वेताच्या मोड्यावर बसली आणि शांतपणे वाचू लागली. वहीतपासणीला बसल्यासारखी. पंढरीनाथने मान खाली घालून ब्रश चालू ठेवला.

शेवटचं पान उलटून म्हणाली, "म्हणजे मला आईसारखं झालेलं नाही?"

"नाही," मी म्हटलं. "मी केलं. खिडकी मी बुजवली."

ती रडायला लागली. अशी मोठ्याने मी तिला आई गेली तेव्हाच पाहिली होती. मी समोर उभा राहून माफी मागायला गेलो, तर हाताने थांबवलं. "थांबा हो. आधी मला हे रडू द्या. हे आनंदाचं आहे. तुमचं मग बघते."

पंढरीनाथने गिझर जोडला, पण भिंतीवर परत टांगेना. "साफ झाला, निला जलंल. पन हितं लावनार न्हाय. हितंच पायजे तर दुसरा कोनी बोलवा, मी न्हाय. भायेर सुक्या बाल्कनीत, कपरे वालत घालता तितं लावतो, पाइप आत घेतो. आनि ती खिरकी फोडा आजच." मी छिन्नी घेऊन स्वतः ती शीट फोडली. एमसील मी एवढं पक्कं बसवलं होतं, की तासभर लागला.

७ डिसेंबर, रविवार

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मेंदूचा डॉक्टर, बदाम, परीक्षा. आणि रोज त्याच दाराबाहेर बसून मी पेपर वाचत होतो. थंड पाण्याच्या आंघोळीचा माझा तोरा नसता, तर पहिल्या आठवड्यात मलाच चक्कर आली असती आणि सगळं उघड झालं असतं.

हंसाने आज पातेल्यातल्या पाण्याने आंघोळ केली. मी स्टूल टाकलं नाही. ती आतून ओरडली, "बसा की बाहेर! आज कोणी नाही वाटतं परीक्षेला?" मी बसलो. तीसपर्यंत बिनचूक. तीस दाहे तीनशे झाल्यावर म्हणाली, "किती गुण?"

जेवताना म्हणाली, "तुम्ही मला खोटं सांगितलंत, ते आवडलं नाही. बीपी म्हणे." मी म्हटलं, तू घाबरली असतीस. म्हणाली, "घाबरलेच होते. एकटी घाबरले, एवढंच." ते जसंच्या तसं इथे लिहितो आणि पान तिला दाखवणार आहे. यापुढे ही डायरी लपवायची नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

ठरल्याप्रमाणे मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी तपासून घेतलं, मग हंसाला म्हणाले, शंभरातून सात-सात वजा करत जा. ती त्र्याण्णव, शहाऐंशी करत थेट दोनपर्यंत उतरली आणि म्हणाली, "आता तेरा-तेरा करू?" डॉक्टर हसले. "यांना काही झालेलं नाही," म्हणाले, "पण तुमचं नशीब चांगलं." महिन्याने पुन्हा बोलावलंय, खात्रीसाठी.

१४ डिसेंबर, रविवार

काल पंढरीनाथने गिझर सुक्या बाल्कनीत बसवला. काचेतून निळी ज्योत दिसते, सुईच्या टोकांसारखी सरळ. बाथरूमच्या खिडकीला बारीक जाळी. कबुतरं बाहेर बसून घुमतात. घुमू देत.

सकाळी हंसा टॉवेल घेऊन निघाली तर मी आडवा आलो. "आधी मी."

"तुम्ही? गरम पाण्याने?"

"सर्दी झाल्यासारखं वाटतंय."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं, हातातला टॉवेल तिने माझ्या खांद्यावर टाकला. मी दार लावलं, नवी कडी घातली. तीस वर्षांनी अंगावर गरम पाणी घेतलं. बरं वाटतं, उगीच कशाला नाकारा. तिला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ आत थांबायचं असं ठरवलं होतं. आणि बाहेर कळावं म्हणून मोठ्याने पाढे सुरू केले.

बारापर्यंत झोकात गेलो. तेरा ते सोळा बेरजा करत, बोटं मोजत काढले. सतराला "सतरा सक एकशे दोन" पर्यंत आलो आणि अडकलो. साबण तोंडाला, कॅल्क्युलेटर बाहेर. दोन आणि सात... हातचा किती...

तेवढ्यात दारावर धडाधड हात. "अहो! अहो, बोला! सतरा साते? सतरा साते किती?" मी दार उघडलं. एक हात दारावर, दुसऱ्या हातात माझं स्टूल उचललेलं, दार फोडायला. चेहरा पांढराफटक.

"अगं, मी ठीक आहे," मी म्हटलं. "मला सतराचा पाढा येतच नाही."

ती बघतच राहिली. "एवढी वर्षं? मग बारावर थांबायचं ना! पुढे कशाला गेलात?"

"तू पुढे जायचीस म्हणून."

स्टूल खाली ठेवलं. त्यावर बसली. पदर तोंडाला लावून होती, हसत होती की दुसरं काही, मला साबणामुळे दिसलं नाही. मग म्हणाली, "दार लावा. वारं येतंय. आणि माझ्या मागून म्हणा. सतरा एके सतरा."

दाराआडून म्हणत गेलो, तिच्या शाळेतल्या शेवटच्या बाकावरच्या मुलासारखा. ती म्हणायची, मी म्हणायचो, आणि प्रत्येक ओळीनंतर ती माझा आवाज येईपर्यंत थांबायची.

सतरा साते एकशे एकोणीस. उद्या परत विचारणार आहे, म्हणून लिहून ठेवलं.